उसन्या टोपाची एक जानेवारी

मी एक टोप बोलतोय. पण आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. माझं निम्मं आयुष्य पालथं पडून गेलंय, आणि पालथ्या भांड्यात आवाज घुमतात. दोन हजार एकवीसच्या पहिल्या दिवशी माझ्यात शिजलेल्या सूपमध्ये मीठ पडलं होतं की नाही, हेसुद्धा मला कित्येक वर्षं खात्रीनं सांगता येत नव्हतं. सूप शिजलं माझ्याच पोटात, आणि तरी ही तऱ्हा!

माटुंग्याला एका विद्यार्थी वसतिगृहाच्या मेसमध्ये मी वीस वर्षं आमटी शिजवली. मुलं जेवताना रसायनशास्त्रापासून संपापर्यंत सगळ्यावर वाद घालायची. माझं शिक्षण ते तेवढं. दोन्ही बाजू ऐकायची सवय लागली आणि कुठलीच गोष्ट ठाम बोलता येईनाशी झाली. मेस बंद पडली तेव्हा चालकांच्या मुलीनं, सुरेखाताईंनी, मला मागून घेतलं. माझ्या पोटात पापड आणि लोकरीचे मोजे भरून त्यांनी मला आयर्लंडला आणलं. त्यांचे यजमान गुरुनाथ डब्लिनबाहेरच्या स्वोर्ड्स गावाजवळ औषध कारखान्यात इंजिनियर. इथे कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात. मी त्या प्रेसमध्ये सगळ्यात खाली.

शेजारी विल्नेर सर राहत. मूळचे हैती या बेटावरल्या देशाचे, तिकडच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. इथे ते मुलीकडे आले होते. मुलगी मिर्लांद ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात नर्स. पलीकडच्या घरात एमेका, नायजेरियाचा. त्याच हॉस्पिटलात पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायचा. ही माणसं आपसात इंग्रजीत बोलत. मी ऐकतो मात्र मराठीतच.

जून दोन हजार वीसमध्ये, अमेरिकेत पोलिसांनी एका काळ्या माणसाचा जीव घेतला म्हणून निघालेल्या डब्लिनच्या मोर्चाहून मिर्लांद आणि एमेका परतले, तेव्हा मी मागच्या भिंतीवर उन्हात पालथा होतो. दोघांच्या हातात पुठ्ठ्याचे फलक.

“आम्ही काळे सगळे एक, असं लिहिलंय,” सर म्हणाले. “माझ्या देशात राष्ट्राध्यक्ष काळा, पोलीस काळे आणि गोळी लागलेला मुलगाही काळाच. तिथे कुठे गेली एकी?”

“पपा, बसमध्ये शिव्या देणारे मला विचारत नाहीत, तू कुठल्या बेटावरची.”

“प्रोफेसर,” एमेका हसत म्हणाला, “काळ्यांच्या देशांत तुम्ही सगळ्यात आधी स्वतंत्र झालात. म्हणजे आमचे थोरले भाऊ तुम्हीच.”

“भाऊ? आमच्या पूर्वजांना गोऱ्यांच्या हाती विकलं कुणी? तुमच्याच राजांनी!”

एमेकाचं हसू मावळलं. तो आपल्या दाराकडे वळला.

मिर्लांद हळूच म्हणाली, “तो माझ्याबरोबर चालला, पपा. तुम्ही घरात खिडकीशी बसून होतात.”

पुढच्या आठवड्यात ती ब्युमॉन्टला मैत्रिणीकडे राहायला गेली. तुम्हाला माझ्यापासून लागण नको, म्हणाली. ते खरं कारण होतं की निमित्त, यावर सर सहा महिने झुरत राहिले.

एकतीस डिसेंबरला ते भिंतीशी आले. पुन्हा लॉकडाऊन लागलं होतं.

“सुरेखा, मोठं भांडं मिळेल? उद्या आमचा स्वातंत्र्यदिन. भोपळ्याचं सूप लागतं. गुलामीत आम्ही ते मालकांसाठी शिजवायचो, चाखायची मात्र बंदी होती. म्हणून स्वतंत्र झाल्यावर सगळ्यांनी मिळून खाल्लं.”

“न्या ना, सर. लाल भोपळाही आहे माझ्याकडे. फक्त एक, टोप शाकाहारी आहे हं.”

सरांचा चेहरा पडला. “त्यात गोमांस असतं. त्याच्याशिवाय ते सूप तेच राहील का?” मग स्वतःच म्हणाले, “राहील. बहुतेक राहील.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चुलीवर चढवलं. लाल भोपळा, बटाटे, गाजर, कोबी, एक अख्खी मिरची. ढवळता ढवळता ते सारखे फोनकडे पाहत होते. मिठाचा डबा दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. मधे काय झालं, ते वाफेत मला दिसलं नाही.

मिर्लांदची ड्यूटी होती. तिच्यापर्यंत जाऊ शकणारा एकच माणूस, एमेका. सर मला घेऊन त्याच्या दाराशी गेले. मला पायरीवर ठेवलं आणि चार पावलं मागे सरले.

“एमेका, एक काम होतं.”

“सहा महिन्यांनी? मला वाटलं, तुम्ही नायजेरिया नकाशावरून पुसून टाकलात.”

“मिर्लांदसाठी सूप आहे.”

“म्हणजे मी हमाल?”

“नाही. पहिला वाडगा तुझा. मी त्या दिवशी फार वाईट बोललो.”

एमेकानं आतून वाडगा आणला. सावकाश, उभ्यानंच सगळं सूप संपवलं. “ग्रँड,” म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि मला गाडीत ठेवलं.

मिर्लांदच्या कोविड वॉर्डात त्यालाही प्रवेश नव्हता. मला दाराशी ठेवून, बेल दाबून तो गेला. कुणी कुणी कागदी कप माझ्यात बुडवले. अंगभर प्लॅस्टिक, तोंडावर मास्क. त्यात मिर्लांद कोणती, मला कसं कळणार?

संध्याकाळी एमेकानं मला परत आणलं तोवर तिचा मेसेज आला होता, “मिळालं.” तो दाखवत सरांनी सुरेखाताईंना भिंतीवरून चारदा विचारलं, “मिळालं म्हणजे खाल्लं, असं होतं का गं?”

वसंतात लस आली, मिर्लांद घरी परतली. सूपबद्दल कुणी बोललं नाही, सरांनी विचारलं नाही. जुलैत हैतीच्या राष्ट्राध्यक्षांना त्यांच्या घरातच मारल्याची बातमी आली. सर त्यांचे कडवे विरोधक, तरी दिवसभर अंगणात सुन्न बसून होते. एमेकानं आपली खुर्ची आणून शेजारी मांडली आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिला. दोघांत एकीचा विषय निघाला नाही.

आता माझा एक कान सैल झालाय, बूड काळवंडलंय. पण दर एक जानेवारीला मी उसना जातो. मला भंगारात काढायचंच असेल तर दोन तारखेला काढा, एवढीच विनंती.

दोन हजार चोवीसच्या एक जानेवारीची गोष्ट. सरांनी मिठाचा डबा उचलला, तो मिर्लांदनं काढून घेतला.

“या वेळी मी घालते.”

“का?”

दारात वाडगा घेऊन उभा असलेला एमेका छताकडे पाहू लागला.

“त्या लॉकडाऊनच्या वर्षी तुम्ही घातलंच नव्हतं, पपा. मी दोन कप प्यायले. अगदी अळणी होतं.”

सरांनी एमेकाकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. मीठ पडलं नव्हतं.