आम्हाला होत नाही म्हणे

पिवळा ताप काळ्या माणसाला होत नाही, असं फिलाडेल्फियातल्या शिकल्यासवरलेल्यांनी ठरवून टाकलं. कशावरून, ते कुणी विचारलं नाही. शहरात साथ पसरताच, ज्यांच्याकडे गाडीघोडा होता ते कधीच गावाबाहेर पळाले होते. मागे उरलेल्यांना उशाशी बसायला, घाण काढायला आणि मढी उचलायला माणसं हवी होती, तेव्हा असं ठरवणं सोयीचंच होतं. ज्यांना कालपरवापर्यंत चर्चमध्ये मागच्या भिंतीशी बसवत होते, त्यांच्याच दारात हे लोक टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, तुम्हाला देवाने कवच दिलंय, आमच्यावर एवढे उपकार करा.

आणि काळ्या वस्तीने ते खरं मानलं. खरी चीड येते ती इथे. पण दोष तरी किती द्यायचा? जन्मभर ज्याने ‘तुमच्यात हे नाही, तुमच्यात ते नाही’ एवढंच ऐकलं, त्याला कुणी पहिल्यांदा म्हणालं की तुमच्यात काहीतरी जास्तीचं आहे, तर ते गोड लागणारच.

सतरा वर्षांच्या केझायाला तर ते फारच गोड लागलं.

केझायाची आई ती रांगत असतानाच गेली होती. टेमर मावशीने तिला वाढवलं. मावशी बाजाराच्या कोपऱ्यावर वजडी आणि बैलाच्या पायांचा तिखटजाळ रस्सा विकायची. तिची आरोळी नदीतल्या गलबतांवरचे खलाशीसुद्धा ऐकतात, असं लोक म्हणायचे. काळ्यांच्या मदत मंडळाने आजाऱ्यांच्या घरी जायला बायका हव्यात म्हणून सांगितलं, तेव्हा सगळ्यात आधी केझाया उभी राहिली.

“जाऊ नकोस,” मावशी म्हणाली.

“मला होत नाही गं मावशी.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात. मंडळाचे सायरसकाका स्वतः म्हणाले.”

“सायरस स्वतःला देखणा पण म्हणतो.”

केझाया हसली आणि गेली.

रस्त्यात लोक मधोमध चालत होते, घरांपासून लांब. नाकाशी शिरक्याचा बोळा, गळ्यात कापराची पिशवी, हातात डांबरात बुडवलेला दोरखंड. ओळखीचा माणूस दिसला तरी हात पुढे करायचा नाही. केझाया मात्र काही न धरता, काही न बांधता ताठ चालली होती. गोरे लोक तिच्यासाठी बाजूला होत होते. आजवर बाजूला व्हायचं काम तिचं होतं.

तिला पेनॉकबाईंच्या घरी पाठवलं. बाईंचा मुलगा पिठाचा व्यापारी. बायकापोरं आणि चांदीची भांडी घेऊन तो गावाबाहेर गेला होता. तापाने फणफणलेल्या आईला गाडीत जागा झाली नव्हती. केझायाने म्हातारीला उचललं, पुसलं, चमच्याचमच्याने बार्लीचं पाणी पाजलं. म्हातारी क्वेकर होती, न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणणाऱ्या पंथातली. ताप उतरल्यावर ती केझायाला म्हणाली, “तू नसतीस तर मी गेले असते. माझ्या पोटच्या पोराने मला टाकलं आणि तू राहिलीस.”

“आम्हाला होत नाही ना बाई. त्यात माझं काय मोठेपण?”

हे ती नम्रपणे बोलली असं म्हातारीला वाटलं. खरं तर ती मिरवत होती.

एका सकाळी केझाया उठली ती डोकं धरून. पाठ कुणीतरी दांडक्याने सडकल्यासारखी ठणकत होती. म्हातारीच्या आरशात तिने पाहिलं, डोळे लालभडक. असे डोळे तिने आठवडाभर उशाशी बसून पाहिले होते. आपल्याला काय झालंय, हे तिला तिथेच कळलं.

तरी ती कुणाला बोलली नाही. तापाइतकीच तिला शरम खात होती. सगळ्यांना कवच आहे आणि माझंच तेवढं फुटलं, म्हणजे मीच काहीतरी पाप केलं असणार. काय केलं, ते तिला आठवेना. मग ती चुलीजवळ बसून लहानपणापासूनची पापं आठवत राहिली. एकदा मावशीच्या हंड्यातली वजडी चोरून खाल्ली होती. त्यापलीकडे काही सापडेना.

दुपारी म्हातारीला बघायला डॉक्टर आला. केझाया जिन्यातच खाली बसली.

“हिला ताप चढलाय,” म्हातारी म्हणाली. “हिला बघ आधी.”

डॉक्टरने चार पायऱ्या लांबूनच पाहिलं. “तो ताप नव्हे. यांच्या लोकांना तो होत नाही. ऊन लागलं असेल, नाहीतर प्यायली असेल.”

केझायाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. पण डॉक्टरने असं म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. चक्क हायसं! “हो साहेब,” ती म्हणाली, “थोडी घेतली होती.” आणि भिंतीला धरत धरत घरी निघाली.

घरी तिने मावशीला दमणुकीचं कारण दिलं. दोन रात्री कण्हत काढल्यावर अंग एकदम गार पडलं. केझाया उठून बसली, केस बांधायला लागली.

“बघ, उतरला. मी चालले कामाला.”

मावशीने तिला दंडाला धरून खिडकीत नेलं आणि बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढली. आत हळदीसारखं पिवळं होतं.

“कामाला जातेय म्हणे! झोप मुकाट्याने.”

केझायाने बांधायला घेतलेले केस सोडून दिले. ताप असाच फसवतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. एक दिवस सोडतो, माणूस उठून बसतो, हसतो, आणि मग तो उलटून येतो. त्यानंतर काळी ओकारी झाली की संपलं. तशी झालेला एकही माणूस तिने उठलेला पाहिला नव्हता.

नेमका त्याच वेळी सायरसकाका दारात आला. दोन आठवड्यांत मढी वाहून त्याचे गाल आत गेले होते. “केझाया, नदीकाठच्या घरी बाई हवी आहे, तू...” आणि तिचा चेहरा बघून तो थांबला. मावशीला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, “टेमर, कुणी विचारलं तर साधा हिवताप म्हण.”

“का?”

“आपण शहराला शब्द दिलाय. हे कळलं तर एक बाई घराबाहेर पडणार नाही. गोरे म्हणतील, फसवलं. उद्या आपल्याला या शहरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“माझी पोर मरतेय आणि तुला तोंडाची पडलीय? एवढं काय आहे रे तुझ्या तोंडात?”

“हळू बोल, टेमर.”

त्याने हे सांगायला नको होतं. मावशीला आयुष्यात कुणी हळू बोलायला लावू शकलं नव्हतं. ती रस्त्यात जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि रस्सा विकायला लावायची तोच आवाज लावला:

“ऐका हो! माझ्या केझायाला पिवळा ताप झालाय! काळ्या केझायाला! होतो आपल्याला, चांगला होतो! मी लहानपणी खाली दक्षिणेच्या उसाच्या बेटावर असताना मला येऊन गेला, पुन्हा आला नाही. अजून कुणाला तिकडे येऊन गेला असेल तर हात लावायला या! मी एकटी पुरणार नाही!”

आत केझायाने चादर तोंडावर ओढली. “मावशी, गप गं! अगं गप!” शरमेने तिला रडू फुटलं.

तेवढ्यात समोरच्या घराची खिडकी उघडली. धोबीण ज्यूबा बाहेर डोकावली. “आमच्या ह्यांनाही झालाय,” ती म्हणाली. “परवापासून. मी कोंडून ठेवलंय त्यांना.” पलीकडून कुणीतरी हाक दिली, “माझ्या थोरलीलाही!” वरच्या माडीवरून एक म्हातारा ओरडला, “मला वाटलं मी एकटाच पापी!”

पडद्याआड गल्लीभर माणसं आजारी होती. जो तो आपलं कवच फुटल्याची शरम घरात दडवून बसला होता. सायरसकाका भिंतीला टेकला. “माझा भाऊ,” तो म्हणाला, “माझा भाऊ काल गेला. मी सांगितलं, छातीत कळ आली.” मावशीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडात शिवी तयार होती, ती तिने गिळली.

लहानपणी तिकडे ताप येऊन गेलेल्या दोघी आल्या. तिघींनी गल्ली वाटून घेतली. आजारी किती आहेत हे एकदा कळल्यावर पाणी कुणी भरायचं, कुणी उकळायचं, हेही ठरलं. बोभाटा ऐकून तोच डॉक्टर सुरी घेऊन, तापावरचा उपाय म्हणून शिरेतलं रक्त काढायला आला, तेव्हा मावशी दारातच आडवी झाली. “आहे ते तिला पुरेना साहेब, तुम्हाला कुठून देऊ?”

ताप उलटून आला. केझायाचा घोळणा फुटला, हिरड्यांतून रक्त आलं. दिवस की रात्र हे तिला कळेनासं झालं. ती एकच गोष्ट करत होती, काळ्या ओकारीची वाट बघत होती. पोटात ढवळलं की तिला वाटायचं, आली. मावशी भांडं धरायची आणि आधी भांड्यात बघायची, मग तिच्याकडे.

“काळी आहे?”

“नाही.”

“खोटं नको बोलूस.”

“खोटं बोलायचं असतं तर रस्त्यात कशाला बोंबलले असते?”

ती ओकारी आलीच नाही. एका सकाळी केझायाने डोळे उघडले आणि तिला वास आला. वजडीचा, मिरीचा, शिजणाऱ्या पायांचा.

“मावशी, वाटीभर दे ना.”

“मिळणार नाही. बार्लीचं पाणी पी.”

“चमचाभर तरी.”

“नाही म्हटलं ना!” मावशी खेकसली, आणि कमरेच्या फडक्याने तोंड झाकून चुलीकडे वळून मोठमोठ्याने रडायला लागली.

ज्यूबाचा नवरा वाचला नाही. माडीवरचा म्हातारा वाचला.

केझाया चालायला लागली तेव्हा मंडळाची सभा होती. सायरसकाका उभा राहिला, आणि स्वतः बोलण्याऐवजी त्याने केझायाला पुढे केलं. तेव्हा केझायाच बोलली. तिच्या डोळ्यांत अजून पिवळट झाक होती, त्यामुळे पुरावा कुणी मागितला नाही.

“आपल्याला होतो,” ती म्हणाली. “मी मिरवत होते की होत नाही. तुम्हीही मिरवत होतात. ज्यांना तो येऊन गेलाय त्यांनी आत जायचं. ज्यांना आला नाही त्यांनी ठरवा. घरी बसलात तर कुणी बोट दाखवणार नाही. दाखवलंच तर मावशीकडे पाठवा.”

काहीजणी उठून गेल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. बाकीच्या बसून राहिल्या. कालपर्यंत या बायका देवाच्या कवचावर निघत होत्या. आता आपण कशात पाय घालतोय, हे त्यांना माहीत होतं. या शहरात पुढे कुणी छापेल की या बायकांनी आजाऱ्यांना लुटलं. छापोत. पण त्या दिवशी त्या खोलीत बसून राहणं काय होतं, हे छापणाऱ्याच्या बापालाही कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी केझाया आणि हॅगर नदीकाठच्या एका घरी गेल्या. हॅगर तिच्याच वयाची, ताप न आलेली. दारात पोचल्यावर तिने पाण्याची बादली खाली ठेवली.

“मी पण येते आत. एकटीने उचलवणार नाही तुला, नुसती हाडं उरलीयत तुझी.”

“तू उंबऱ्यापाशीच राहायचं. बादली सरकव आणि दुसरी भरून आण.”

“मोठी आली हुकूम करणारी!”

“आले बरं का, मरणाच्या दारातून आले. सरकव.”

हॅगरने तोंड वाकडं केलं आणि बादली आत सरकवली. केझाया जिना चढून वर गेली. खाटेवर एक बाप्या पडला होता, ओठ सुकलेले, डोळे लाल. तिने त्याच्या मानेखाली हात घातला, डोकं वर उचललं आणि पाण्याची वाटी ओठांना लावली.

“हळू,” ती म्हणाली. “अजून आहे.”