उभ्या उभ्या चढणारा ताप

अहोंची उभी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवरचे काटे बघण्यात गेली. काटा हिरव्यात असला की अहो खूश, पिवळ्यात गेला की गप्प, आणि लालकडे झुकला की त्या दिवशी जेवण जात नसे. निवृत्त झाल्यावर माणसाला नातवंडं लागतात, बाग लागते, पत्त्यांचा अड्डा लागतो. अहोंना काटा लागत होता. घरात काटे असलेल्या वस्तू दोनच, भिंतीवरचं घड्याळ आणि वडिलांच्या वेळची मोटारसायकल. घड्याळ वेळेवर चालत असल्यामुळे त्यात लक्ष घालण्यासारखं काही नव्हतं. राहता राहिली मोटारसायकल.

ती अहो फक्त रविवारी काढत. बाकी सहा दिवस ती मागच्या शेडमध्ये चादर पांघरून उभी असते, असा त्यांचा समज होता.

त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे वहिनी म्हणत, आणि वहिनींना खरं काय ते माहीत होतं. दुपारी जेवून अहो आडवे झाले की चहाच्या वेळेपर्यंत शेजारी तोफ डागली तरी उठत नसत. तेवढ्यात वहिनी शेडचं दार हलकेच लावून घेत, मोटारसायकल गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेत, तिथे किक मारत आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या नणंदेला मागे बसवून पसार होत. येताना टोकालाच इंजिन बंद करायचं आणि दोघींनी ढकलत आणायची. निघण्यापूर्वी पुढच्या चाकाजवळची स्पीडोमीटरची केबल सोडवून ठेवायची, म्हणजे किलोमीटर मोजले जात नाहीत. ही युक्ती नणंदेची.

वन्सं अहोंपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. वडिलांनी ही गाडी चालवायला आधी त्यांनाच शिकवलं होतं. मुलगा तेव्हा तीनचाकी सायकलवर होता. पुढे गाडी मुलाच्या वाट्याला आली आणि मुलीला कुणी विचारलंही नाही. वन्संना ते लागलं होतं, आणि त्या बोलून दाखवायच्या. आता त्यांच्या मनगटाला क्लच झेपत नव्हता, तेव्हा त्यांनी आपली विद्या भावजयीच्या पदरात टाकली. वहिनींनी एकदाच नवऱ्याकडे रीतसर विचारणा केली होती. "तुला झेपायची नाही गं, वजन बघितलंस का तिचं?" असं म्हणून अहो हसले होते. वहिनीही हसल्या होत्या, आणि पुढच्याच आठवड्यापासून त्यांना ती झेपू लागली होती.

एक वर्ष सुखाचं गेलं. मग अहोंना संशय आला. बायकोचा नव्हे, इंजिनाचा.

रविवारच्या दोन-चार किलोमीटरांच्या मानाने पेट्रोल भलतंच संपत होतं. वहिनी आपल्या परीने भरपाई करत, पण अंदाजाने. त्यामुळे एका आठवड्यात गाडीने पेट्रोल ढोसलेलं दिसे, तर दुसऱ्या आठवड्यात तिने प्यायचं सोडून उलट थोडं टाकीत जमा केलेलं असे. अहो ह्या दुसऱ्या प्रकाराने जास्त घाबरले. शिवाय तेल महिन्यात काळं पडत होतं, मागचा टायर झिजत होता. पूर्वी रविवारी घामाघूम होईस्तोवर किका माराव्या लागायच्या आणि हल्ली मात्र ती पहिल्या किकला सुरू होते, ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली होती. पण ती त्यांनी स्वतःच्या हातगुणात जमा केली.

"हिला आतून काहीतरी होतंय," एके संध्याकाळी ते म्हणाले. "काटे लावल्याशिवाय कळायचं नाही."

लगेच शेडमध्ये दवाखाना उघडला. ॲल्युमिनियमची पट्टी कापली, कानशीने तिच्या कडा घासल्या आणि ती हँडलच्या क्लॅम्पखाली बसवली. तिच्यावर पहिला आला व्होल्टमीटर. मग तेलाच्या दाबाचा काटा. त्यासाठी कोपऱ्यावरच्या लेथवाल्याने एक पोकळ बोल्ट बनवून दिला. त्यातून बारीक तांब्याची नळी वर न्यायची, आणि हादऱ्याने तुटू नये म्हणून तिला मध्ये एक वेटोळं द्यायचं. तिसरा काटा इंजिनाच्या डोक्याच्या उष्णतेचा, त्याची कडी स्पार्क प्लगखाली बसवायची. ह्या सगळ्या कामात टॉर्च धरायला वहिनी. कुलूप लावणाऱ्याला चोरानेच स्क्रू काढून द्यावेत, तशा त्या एकेक वॉशर पुढे करत होत्या.

"अगं, जरा बसून हँडल सरळ धर बघू," अहो खालून म्हणाले.

वहिनी गाडीवर चढल्या आणि सवयीने त्यांचा पाय थेट गिअरवर गेला. तो त्यांनी कसाबसा मागे घेतला. "ह्याचा काय उपयोग असतो हो?" त्यांनी भाबडेपणाने विचारलं. अहोंनी पंधरा मिनिटं गिअर समजावून सांगितला, त्यातली निम्मी माहिती चुकीची होती.

तिन्ही काट्यांनी काही सापडलं नाही. इंजिन बंद झालं की तेही निजत, त्यामुळे वहिनींना त्यांचं भय नव्हतं. उलट दुपारी चढावावर तेलाचा दाब बघत जायला त्यांना मजा येऊ लागली होती. घोडं अडलं ते चौथ्या काट्यापाशी. तो सीटखालच्या, इंजिनाच्या तेलाच्या टाकीच्या झाकणाच्या जागी बसायचा. खाली दांडी तेलात बुडालेली, वर छोटीशी तबकडी. त्याला वीज नको की किल्ली नको. तेल गरम म्हणजे काटा वर, बस्स.

आणि घोटभर तेल नाही, चांगलं टाकीभर तेल. ते तापायला जितकं आळशी, त्याहून निवायला आळशी.

वहिनींच्या हे ध्यानातच आलं नाही. दुपारची फेरी झाली, केबल जोडली, चादर घातली, चहा टाकला. अहो डोळे चोळत उठले आणि कप हातात घेऊनच शेडमध्ये गेले.

"अगं, इकडे ये."

काटा सत्तरावर होता. गाडी रविवारपासून जागची हललेली नाही, शेडमध्ये सावली, आणि तेल सत्तर अंश.

"ऊन काय पडलंय," वहिनी म्हणाल्या.

"मग पाण्याचा माठ का नाही तापला?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी फेरीवरून येताच तेलाच्या टाकीला ओली फडकी गुंडाळली, टेबलफॅन लावला. काटा सत्तरावरून पंचावन्नावर आला आणि फडक्याचे ओघळ तेवढे जमिनीवर राहिले. अहोंनी ओघळाला बोट लावून बघितलं. गाडीला आता घामही फुटत होता.

ते तडक लेथवाल्याकडे गेले. लेथवाल्याच्या दुकानावरून वहिनी आठवड्यातून चारदा जात आणि जाताना हॉर्न देत, त्यामुळे त्याला रोगाचं निदान करायची गरजच नव्हती. पण वहिनींचं नाव घ्यायचं तर त्याची छाती होईना, आणि गप्प बसायचं तर अहो हलेनात. शेवटी त्याने लेथकडे बघत सांगून टाकलं, "साहेब, जुन्या धातूत असतं असं कधी कधी. आतल्या आत तापतो."

बिचाऱ्याला वाटलं, वेळ मारून नेली. अहो मात्र घरी आले ते चेहरा पाडून. धातूच गेला म्हटल्यावर काटे तरी काय करणार? दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दातांच्या डॉक्टरांना फोन केला. ह्या डॉक्टरांना जुन्या मोटारसायकली जमवायचा नाद होता आणि ते ही गाडी द्या म्हणून बरेच दिवस मागे लागले होते.

"फुटून कुणाला इजा होण्यापेक्षा चांगल्या घरी गेलेली बरी," अहो म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सांगून टाक त्याला," वन्संनी त्याच दुपारी सल्ला दिला. "होऊन होऊन काय होईल? चिडेल."

"चिडले तर परवडलं हो वन्सं. ते चिडायचे नाहीत. नुसतं तोंड एवढंसं करतील आणि किल्ली उशीखाली ठेवतील. मग माझी दुपार गेली ती गेलीच."

"आणि नाही सांगितलंस तर गाडीच जाईल."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. वहिनींनी मधली वाट काढली. फेऱ्या बंद. गाडी हलली नाही की काटे गार पडतील, अहोंना वाटेल रोग बरा झाला, आणि डॉक्टर हात हलवत परत जातील. काट्यांचं झालंही तसंच, आणि अहोही धास्तीने रविवारी गाडी काढेनासे झाले. पेट्रोल थेंबाने कमी होईना, टाकी माठासारखी गार. वहिनी रोज दुपारी खिडकीशी बसून भाजी निवडत होत्या आणि ती भाजीही त्यांना आवडत नव्हती.

पण अहोंनी काटा बघून मान हलवली. "विझायच्या आधी दिवा मोठा होतो ना, त्यातलं आहे हे. आणि मी शब्द देऊन बसलोय."

डॉक्टर आले त्या सकाळी वन्संही येऊन बसल्या. अहोंनी चादर काढली आणि खरं ते सांगायचं म्हणून सगळे आजार सांगितले. पेट्रोल पिते, कधी उलट सोडते, उभ्या उभ्या ताप चढतो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, त्यांचं लक्ष रंगाकडे होतं.

"सुरू करून दाखवता?"

अहोंनी किक मारली. मग आणखी मारली. दोन आठवडे उभी राहिलेली गाडी नुसती फुस्स करत होती. अहोंचा गुडघा करकरला, बनियन पाठीला चिकटलं, तरी ते थांबेनात. वडिलांच्या गाडीने शेवटच्या दिवशी तरी आपली लाज राखावी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"राहू द्या हो," डॉक्टर समजुतीने म्हणाले. "मला कुठे चालवायचीय? काचेच्या कपाटात ठेवणार आहे. तेल, पेट्रोल सगळं काढूनच टाकतो आम्ही. सुरू नाही झाली तरी काही अडत नाही."

वहिनींच्या हातात चहाचा ट्रे होता. तो त्यांनी वन्संच्या हातात दिला आणि पदर खोचला.

"सरका जरा," त्या अहोंना म्हणाल्या.

त्यांनी पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बोरेटरवरचं बटण पेट्रोल पाझरेपर्यंत दाबून धरलं. किक हळूच खाली नेत ती जिथे अडते ती जागा पायाने शोधली आणि मग सगळं वजन टाकून एकच मारली. शेड हादरलं. चहाचे कप ट्रेवर किणकिणू लागले. वहिनींनी मनगट जरासं वळवलं, आणि इंजिन संथ, गोल आवाजात चालायला लागलं.

अहो आधी काट्यांकडे बघत राहिले. दाब बरोबर, व्होल्ट बरोबर, कुठेही काही वावगं नाही. मग त्यांनी बायकोकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, पुन्हा बायकोकडे. त्यांचे ओठ हलत होते. पेट्रोल. टायर. सत्तर अंश. ओघळ.

"कधीपासून?"

"तुम्ही दुपारचे घोरता तेव्हापासून."

"आणि तो लेथवाला मला जुना धातू सांगत होता?"

"त्याच्यावर नको चिडू," वन्सं ट्रे सांभाळत म्हणाल्या. "शिकवलंय मी. मला बाबांनी शिकवलं होतं. तू तेव्हा तीनचाकीवरून पडत होतास."

अहोंचं तोंड एवढंसं झालं. वहिनींना वाटलं, गेली किल्ली उशीखाली. पण ते तोंड तसंच राहीना. ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि अहो टाकीवर हात टेकून हसायला लागले. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेनात. महिनाभर ज्याची सुतकी चेहऱ्याने काळजी वाहिली, ते इंजिन ठणठणीत होतं.

"म्हणजे, द्यायची ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोगच नाही तर द्यायची कशाला? चहा घ्या तुम्ही."

डॉक्टर चहा घेऊन गेले. अहो गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि मागच्या सीटवर चढून बसले. उभ्या आयुष्यात ते त्या सीटवर कधी बसले नव्हते.

"ती माझी जागा आहे," वन्सं म्हणाल्या.

"ताई, आजच्या दिवस."

वहिनींनी गाडी रस्त्याला लावली. अहो त्यांच्या खांद्यावरून मान लांब करत होते. "दाब बघ. अगं, दाब बघत जा. डोकं तापतंय का?"

"काटे तुम्ही बघा. मी रस्ता बघते."

अहोंना ते पटलं. ते प्रत्येक काट्याचा आकडा मोठ्याने सांगत राहिले आणि वहिनी प्रत्येक आकड्याला "बरं" म्हणत राहिल्या. लेथवाल्याच्या दुकानासमोर हॉर्न वाजला. लेथवाल्याने हात वर केला, मागे कोण आहे ते बघितलं आणि वर केलेल्या हाताने डोकं खाजवायला लागला. पुढे पंक्चरवाला ओळखीचं हसला. रेल्वे फाटक बंद होतं, तिथल्या शहाळेवाल्याने न विचारताच दोन शहाळी सोलायला घेतली. तेव्हा कुठे अहोंच्या लक्षात आलं, की गावात काटा एकट्या त्यांनाच लावावा लागला होता.

"काय वहिनी, बऱ्याच दिवसांनी?" शहाळेवाला म्हणाला. "ताई नाही आल्या? आज मागे कोण?"

वहिनींनी आरशात बघितलं. अहो डोळ्यांवर हाताची सावली धरून तेलाची तबकडी वाचायच्या प्रयत्नात होते.

"गाडीचे मालक आहेत," वहिनी म्हणाल्या, आणि एक शहाळं मागे दिलं.