पाणी न दाखवलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना मापाचा डबा आहे. उभ्या जन्मात मी इतरांना मोजून दिलं, पण गेल्या महिन्यात आमच्या घरात जे घडलं त्याचं माप काही मला लागत नाही. रोज विचार करतो आणि रोज जास्तच गोंधळतो. म्हणून तुम्हाला सांगायला बसलो आहे. तुमच्यापैकी कुणाला उमगलं तर मलाही समजावून सांगा.

माझा जन्म एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराच्या हातून झाला. ठोकून ठोकून त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तो सगळ्यांशी ओरडून बोलायचा, माझ्याशीसुद्धा. जाड स्टीलचा पत्रा वळवून त्याने माझं अंग केलं, खाली बूड बसवलं, बुडाची आणि काठाची कड दोनदा दुमडून हातोडीने चेपली. एका बाजूला पकडायला कान लावला. मला न्यायला आलेल्या तरुण बेकरीवाल्याच्या मिशा तेव्हा काळ्याभोर होत्या. त्याने मला पिठाने भरलं, वरून बोट फिरवून सपाट केलं आणि तराजूत तोललं. असं त्याने तीनदा केलं. तिन्ही वेळा वजन तेच भरलं तेव्हा कुठे तो हसला. "मापात पाप नको," तो म्हणाला आणि मला सायकलच्या हँडलला अडकवून घरी घेऊन आला. तोच तरुण म्हणजे आमचे आजोबा.

पुढे तीस वर्षं मी बेकरीत राबलो. पहाटे पोत्यात बुडायचं, भरून वर यायचं, मळायच्या लाकडी कुंडात रिकामं व्हायचं. सहा डबे साध्या पावाला, चार डबे गोड पावाला. संध्याकाळी भट्टी निवली की बाकीची भांडी मोरीत पडायची. मला मात्र आजोबा स्वतः कोरड्या फडक्याने पुसायचे. वर चिमूटभर पीठ लावून घासायचे आणि खुंटीला टांगायचे. "मापाला पाणी दाखवायचं नाही," हा त्यांचा नियम. का, तर ओल्या मापाला पीठ चिकटतं आणि चिकटलेलं पीठ वजनात खोट आणतं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मोरीत भिजत पडलेल्या पातेल्यांकडे खुंटीवरून बघताना मला जरा गर्व चढायचा, हे कबूल करतो. शेजारच्या गल्लीतले बेकरीवाले मला मागायला यायचे. आजोबा मला कधी कुणाला द्यायचे नाहीत.

मग लाल आकडे दाखवणारा वजनकाटा आला. आजोबांचे हात थरथरू लागले होते, बेकरी त्यांच्या मुलीने हाती घेतली होती आणि तिला घाई असायची. मला फळीवर ठेवलं. माझ्यात सुतळीचे तुकडे, एक बोथट सुरी आणि कोणत्याही कुलपाला न लागणाऱ्या दोन किल्ल्या जमल्या. इतकी वर्षं इमानेइतबारे चाकरी करून शेवटी अडगळ झालो, याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता या घरातली माणसं सांगतो, फार नाहीत. आजोबा, त्यांची मुलगी म्हणजे बेकरी चालवणारी आई, आणि आईची अकरा वर्षांची लेक. लेकीला सगळे मास्तरीण म्हणतात, कारण ती प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक करून भिंतीला चिकटवते. तिने आजोबांच्या गोळ्यांचं वेळापत्रक केलंय, तसं स्वतःच्या रडण्याचंही एकदा केलं होतं, असं आई म्हणते.

या घरात तीन महिन्यांपूर्वी एक पिल्लू आलं. तपकिरी रंगाचं, पण पहिल्याच दिवशी पिठाच्या पोत्यावर जाऊन लोळलं आणि भुतासारखं पांढरंफटक होऊन बाहेर आलं. त्याचं नाव पिठ्या पडलं. मास्तरणीने त्याच्या जेवणासाठी मला फळीवरून उतरवलं. आजोबा लगेच म्हणाले, "घे, पण माझा नियम लक्षात आहे ना?"

"मापाला पाणी दाखवायचं नाही," ती म्हणाली. नियम म्हटला की तिच्यासाठी तो काळ्या दगडावरची रेघ.

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. दुधात भिजवलेला पाव, दुकानातून आणलेले कोरडे दाणे, कधी मऊ भात. पिठ्या दोन्ही पंजांनी मला कवटाळायचा, हनुवटीपर्यंत तोंड आत घालायचा आणि माझा कोपरान्‌कोपरा चाटायचा. जेवण झालं की मास्तरीण मला कोरड्या फडक्याने पुसून, चिमूटभर पीठ लावून, अगदी आजोबांसारखी खुंटीला टांगायची. मला वाटलं, जुने दिवस परत आले.

मग पिठ्या खाजवू लागला. आधी थोडं, मग दिवसभर. हनुवटीखालचे केस गेले, लाल चट्टा उमटला, पोटही बिघडलं. एक दिवस तो बेकरीच्या दारात बसून खाजवत असताना एक गिऱ्हाईक बाई आली, तिने त्याच्याकडे बघितलं आणि हातातला पाव तसाच काउंटरवर ठेवून निघून गेली. आईचा चेहरा उतरला.

शेजारच्या शिंपीणकाकूंनी सांगितलं, "अगं, धान्य बाधतंय त्याला. माझ्या बहिणीच्या कुत्र्याचं अगदी अस्संच झालं होतं. धान्य बंद केलं आणि महिन्यात कसा टकाटक झाला!" दुकानदारानेही मान डोलावली आणि बिनधान्याच्या खाण्याची पिशवी काढून दिली. गहू नाही, तांदूळ नाही, मका नाही. नुसते मासे, बटाटा आणि वाटाणा.

मित्रांनो, मी थक्क झालो. ज्या गव्हावर हे घर उभं राहिलं, जो मी तीस वर्षं उराशी धरला, तो बाधतो? आजोबा तर उसळलेच. "तीन पिढ्या धान्यावर जगल्या या घरात! आणि हा टीचभर कुत्रा म्हणतो मला गहू नको?"

"कुत्रा म्हणत नाही, काकू म्हणतात," मास्तरीण म्हणाली.

आई मात्र हसली नाही. तिने हात पुसले आणि लेकीसमोर बसली. "हे बघ, दारात खाजरं कुत्रं बसलं तर उद्या कोण पाव नेईल आपला? दोन आठवडे देते. तेवढ्यात बरा झाला तर ठीक. नाहीतर मावशीकडे पाठवायचा. तिच्याकडे अंगण आहे."

मावशीचं गाव आगगाडीने एक दिवसाच्या वाटेवर आहे. मास्तरीण कागद-पेन्सिल घेऊन बसली. तिने नवं वेळापत्रक केलं.

पिशवीवर लिहिलं होतं की खाणं एकदम बदलू नये. म्हणून तिने माझ्या आतल्या अंगावर कोळशाने तीन रेघा ओढल्या, पिठ्याने चाटून पुसल्या की पुन्हा ओढायची. पहिले तीन दिवस खालच्या रेघेपर्यंत नवं, वर जुनं. मग मधल्या रेघेपर्यंत, मग वरच्या. दहाव्या दिवशी सगळं नवं. डोळे बारीक करून, माझ्या काठावरून बोट फिरवून ती मोजायची. मित्रांनो, मी पुन्हा माप झालो होतो! आणि या वेळी पिठाचं नाही, तर एका जिवाच्या राहण्या-जाण्याचं माप. मी जीव मुठीत धरून उभा राहायचो, कणभरही चुकू नये म्हणून.

पण रोज पहाटे, मास्तरीण उठायच्या आधी, आजोबा यायचे. इकडेतिकडे बघायचे आणि खिशातून पावाची कड काढून माझ्यात टाकायचे. "खा रे लेका. उपाशी मारतायत तुला." पिठ्या मिटक्या मारायचा. मी काय बोलणार? मला तोंड आहे, पण ते फक्त भरण्यापुरतं.

सातव्या दिवशी मास्तरणीला माझ्या तळाशी पावाचा चुरा सापडला. तिने चुरा हातात घेतला आणि सरळ आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. रडण्याचं वेळापत्रक वगैरे काही राहिलं नाही, ती हमसून हमसून रडली. "तुम्हाला तो जायला हवाय का, आजोबा?"

आजोबांनी मान खाली घातली. ज्या माणसाने आयुष्यात मापात पाप केलं नाही, त्याने नातीच्या मापात केलं होतं. "चुकलो गं. तो हात चाटतो ना, राहवत नाही," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी पिठ्याच्या बाजूला पाव खाणंही सोडलं.

मग सगळं काटेकोर झालं. दहाव्या दिवशी माझ्यात धान्याचा कणही नव्हता, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं, देवाशप्पथ. आणि पिठ्याचं खाजवणं वाढलं! चट्टा हनुवटीवरून ओठांवर आला, पुढच्या दोन्ही पंजांवरही उतरला. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. धान्य होतं तेव्हा खाज, धान्य गेलं तरी खाज. मग दोष कुणाचा?

बाराव्या दिवशी आईने मावशीला फोन केला. फोन ठेवून ती पिठ्याजवळ बसली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाठवायच्या आधी एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवू. नाहीतर मलाच झोप लागायची नाही." खरं म्हणजे हे आधीच करायला हवं होतं. पण बेकरीत वेळ कुणाला होता, आणि सल्ला द्यायला गल्ली होतीच.

डॉक्टरीणबाई दवाखाना आटोपून स्वतःच घरी आल्या. ठेंगण्याशा, तोंडात लवंग धरलेल्या. त्यांनी पिठ्याला उलटासुलटा केला, कान बघितले, पोट दाबलं. बिनधान्याची पिशवी वाचली आणि कपाळाला आठी घातली.

"कुणी सांगितलं हे?"

मास्तरणीने शेजारच्या घराकडे बोट दाखवलं.

"धान्य सगळ्याच कुत्र्यांना बाधत नाही, फार थोड्यांना बाधतं. वाढीच्या वयात असं मनाने खाणं बदलू नये. आधी विचारायचं तरी." मग त्या थांबल्या. "पण मला एक सांगा. पोटावर काही नाही, पाठीवर काही नाही. नुसती हनुवटी, ओठ आणि पुढचे पंजे. हा जेवतो कशात?"

मास्तरणीने मला खुंटीवरून काढून मोठ्या अभिमानाने त्यांच्या हातात दिलं. "याला आम्ही कधी पाणी दाखवत नाही," तिने सांगितलं.

"कधी म्हणजे?"

"तीस वर्षांत नाही," आजोबा म्हणाले. त्यांची छाती जराशी फुगली.

डॉक्टरीणबाईंनी मला नाकाशी नेलं आणि झटकन दूर केलं. मग मला उलटं केलं, माझ्यातलीच बोथट सुरी फळीवर पडली होती ती मागून घेतली आणि तिचं टोक माझ्या बुडाच्या दुमडीत घालून फिरवलं. टेबलावर काहीतरी पडलं. करडं, हिरवट, लगदा झालेलं. त्यात दोन-तीन बारीक जीव वळवळत होते. काठाच्या दुमडीतूनही तसंच निघालं.

ते जुनं पीठ होतं, मित्रांनो. माझंच. तीस वर्षं कोरडं होतं तोवर ते गुपचूप पडून राहिलं. पिठ्याची जीभ लागली, दूध लागलं, ओल आत मुरली आणि ते आंबलं, कुजलं. पिठ्या रोज त्यातच हनुवटी घासत होता, पंजांनी मला कवटाळत होता आणि मला वाटत होतं, हे प्रेम आहे. होतंही ते प्रेमच. पण माझ्याकडून त्याला काय मिळत होतं ते बघा.

मास्तरीण हळूच म्हणाली, "म्हणजे मी रोज नियम पाळला म्हणून..."

"नाही गं," आजोबा म्हणाले, "मी नियम केला, पण तो कशासाठी केला ते तुला सांगितलं नाही. पिठासाठी होता तो, जेवणासाठी नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, पिठ्याला सलग पत्र्याचं, बिनसांध्याचं भांडं आणायला सांगितलं आणि जुन्या खाण्यावर परत यायचं ते आठ-दहा दिवसांत, हळूहळू, असं बजावलं. "पुन्हा बाधलं तर माझ्याकडे या, गल्लीत जाऊ नका." माझ्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "आणि हा डबा फेकून द्या."

पिठ्या मावशीकडे गेला नाही. तीन आठवड्यांत हनुवटीवर लव आली. मात्र कशाने बरं वाटलं यावर अजून एकमत नाही. मास्तरीण म्हणते नवं भांडं, आई म्हणते मलम, शिंपीणकाकू अजूनही म्हणतात, "मी सांगितलं म्हणून." मला विचाराल तर मला अजून नीट कळलेलं नाही. ज्या गुणासाठी मला तीस वर्षं मिरवलं, तोच माझा दोष कधी झाला? तो दिवस कोणता होता? मी तर रोज सारखाच होतो.

आणि मला फेकलं नाही. त्या संध्याकाळी आजोबांनी पातेलंभर पाणी उकळलं, मला हातात घेतलं आणि माझ्या काठावरून एकदा बोट फिरवलं. मग स्वतःच्या हाताने मला त्या पाण्यात सोडलं. पहिल्यांदा! मी घाबरलो, नंतर मला फार हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते मला त्या जुन्या कारागिराच्या मुलाकडे घेऊन गेले. त्याने माझा दुमडलेला काठ कापून कड घासली, बूड नव्याने सपाट जोडलं. मी बोटभर ठेंगणा झालो. आता माझ्यात पीठ भरून तोललं तर वजन बरोबर येणार नाही. मी माप राहिलो नाही.

आता मी मागच्या दाराशी असतो, पिठ्याच्या पाण्याचा डबा म्हणून. मास्तरणीच्या वेळापत्रकात माझी एक ओळ आहे: 'सकाळी घासणे, ताजं पाणी भरणे.' पिठ्या येतो, लपलप पाणी पितो आणि ओली हनुवटी माझ्या काठावर टेकवून झोपतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी मुका जीव असेल तर त्याचं खाणं बदलण्याआधी त्याचं भांडं एकदा उलटं करून बघा. मोठ्यांनी घालून दिलेला नियम जरूर पाळा, पण तो कशासाठी आहे हे त्यांना विचारा. ते रागावणार नाहीत, बहुतेक त्यांनाही आठवावं लागेल. आणि कधी आमच्या मागच्या दारावरून गेलात, आणि मी रिकामा दिसलो, तर थोडं पाणी घाला. मला ते आता आवडतं, पण अजून कुणाकडे मागता येत नाही.