दाखवण्यापुरती खाट

मी एक लोखंडी खाट बोलते आहे. खाट झोपणाऱ्यासाठी घडवतात. मला मात्र पाहणाऱ्यांसाठी आणले गेले.

देवळाली कॅम्पात इनायतभाईंच्या दुकानात मला जोडण्यात आले. आशाबाई आणि मंजुषाबाई या दोन शिक्षिकांनी मला विकत घेऊन नाशिक रोडच्या घरी बाहेरच्या खोलीत ठेवले. आत एक रुंद पलंग होता. त्या दोघी त्यावर झोपत, नवरा-बायकोसारख्या भांडत आणि तशाच समेटही करत. पाहुणे यायचे असले की माझ्यावरची चादर मुद्दाम चुरगळायची, उशीला डोक्याचा खळगा पाडायचा, ही त्यांची रीत. 'ही आशाची,' असे मंजुषाबाई सहज सांगत. मैत्रिणी असाव्यात तर अशा, असे म्हणत लोक चहा पीत.

सत्तरीनंतर आशाबाई विसरू लागल्या. प्रथम गॅस, पुढे घराचा रस्ता. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले आणि घर व माणूस बदलू नका, असे बजावले. अखेरीस आशाबाई लपवायचेही विसरल्या.

कळवणहून त्यांचा भाचा महेश आला. प्रकृती ठीक असेल तर आत्याला इथेच राहू द्यावे, असे तो फोनवर म्हणाला होता. त्याने विचारले, "आत्या, झोपते कुठं तू?"

"मंजूच्या कुशीत. आणखी कुठं?"

मंजुषाबाईंचा चेहरा उतरला. उभ्या आयुष्याची सवय जिभेवर आली. "काहीही बोलते ती आता. ही बघा तिची खाट. रोज इथंच झोपते."

महेश हळहळला. "एवढं डोकं गेलंय म्हणजे अवघड हे, मावशी. तुम्ही लय केलं. परक्या माणसावर किती भार टाकायचा?"

मंजुषाबाई माझ्यावरची चादर सारखी करू लागल्या.

त्याच आठवड्यात टेम्पो आला. आत्याला स्वतःच्या अंथरुणाची सवय, म्हणून मलाही चढवले.

आता मी कळवणला आहे. माझ्यावर कोणीतरी झोपते. मी जेमतेम एका देहापुरती; तरी आशाबाई अंग चोरून भिंतीशी सरकतात आणि रिकाम्या जागेवरून हात फिरवतात. चादर चाचपण्याचा हा आजारच, असे घरचे म्हणतात आणि गोळी देतात. मंजुषाबाई फोनवर प्रकृती विचारतात, शेजारणीने विचारावी तितकीच.

वाचकहो, खोटी साक्ष देताना मला कोणी विचारले नाही. कधी इकडे आलात तर महेशला एवढे सांगा: तुझी आत्या त्या दिवशी खरे बोलत होती.