गप्पीदासाचा नंबर

तळ्यात मासळी होती तोवर आमचे हे जाळं टाकायचे. काठावर हॉटेलं झाली, मासळी आटली, आणि सगळे होडीवाले पाहुणे फिरवायला लागले. धक्क्यावर नियम एकच: ज्याचा नंबर, त्याचं गिऱ्हाईक.

यांना धक्क्यावर गप्पीदास म्हणतात. वल्ही मारता मारता अशा थापा मारतात की ऐकणाऱ्याची हसून मुरकुंडी वळते. एका पाहुणीनं यांचा फोटो इंटरनेटवर टाकला, खाली भरभरून कौतुक लिहिलं, आणि मग जो तो मोबाइल नाचवत यांनाच शोधत यायला लागला.

मला आभाळ ठेंगणं झालं. घराचे पत्रे गळत होते, धाकटीचं शिक्षण तोंडावर आलं होतं. पण हे ढिम्म. "आज माझा नंबर नाही," म्हणत पाहुण्याला दुसऱ्याच्या होडीत बसवायचे. कित्येक जण हिरमुसून परत जायचे.

"अहो, चालून आलेलं गिऱ्हाईक घालवता?" मी चिडून विचारायचे.

"बाकीच्यांच्या घरी चुली नाहीत का?" एवढं बोलून कूस बदलायचे. मी रात्रभर धुमसायचे.

मी धक्क्यावरच चहा विकते. परवा एका जोडप्यानं तो फोटो माझ्यापुढं धरला. "यांच्याच होडीत बसायचंय. नाहीतर राहू दे."

हे जवळच आपल्या होडीत टोपी तोंडावर घेऊन पडले होते. नंबर होता घुम्याचा. दिवसभर तोंड न उघडणारा माणूस, गिऱ्हाईक टिकायचं कसं? त्यात घरी बायको बाळंतीण. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. आमचे पत्रे गळत होते, पण त्याच्याकडं तर आजची भाकरीही नव्हती.

"हा काय, तोच," मी घुम्याकडं बोट केलं.

"फोटोत मिशी आहे."

"बायकोनं काढायला लावली."

होडी सुटली आणि मला घाम फुटला. हा मेला बोलणार काय?

तेवढ्यात पाण्यावरून खो खो हसू ऐकू आलं. मी बघतच राहिले.

"मगरीची थाप असणार," टोपीखालून हे म्हणाले. "सगळ्यांनाच शिकवतोय. मी नाही म्हणून कुणी परत जायला नको."