अस्तराखालची पट्टी

धाकटे मास्तर इतके गोड स्वभावाचे, की गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर मोजतानासुद्धा दोन इंच कमीच सांगायचे. कुणाचं म्हणून मन मोडायचं नाही. ते खपूनही जायचं, कारण खरा आकडा गुपचूप वहीत उतरायचा. दुकान दोघा भावांचं. थोरले मास्तर कापड बेतायचे आणि धाकटे शिवायचे. बेतलेले तुकडे मशीनवर आले की थोरले विचारायचे, "कसं आहे?" आणि मान वरही न करता धाकटे म्हणायचे, "झकास, दादा!"

चार वर्षांपूर्वी एका कोटाचा उजवा खांदा अर्धं बोट कमी निघाला. दादाच्या हातून? धाकट्यांनी आधी स्वतःचीच टेप तपासली. मग शिवणीसाठी सोडलेल्या जास्तीच्या कापडात ती कसर भरून काढली आणि गप्प बसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, पुन्हा उजवी बाजू. पुढे पुढे तेवढ्यानं भागेना, तेव्हा उरलेल्या कापडाची पट्टी जोडून वर अस्तर ओढायला लागले. सांगायचं रोज ओठांवर यायचं. पण दादा कानामागे खडू खोचून अशा ऐटीत उभा असायचा, की धाकटे मुकाट पुढची शिवण घ्यायचे. वय झालंय, हात हलत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वर आपल्या समंजसपणाचं मनातल्या मनात कौतुकही करून घेतलं.

एका दुपारी रस्ता ओलांडताना थोरले उजवीकडून आलेल्या सायकलवर जाऊन आदळले. गुडघा फुटला, त्याचं एवढं काही नाही. पण सायकल दिसलीच नाही म्हणाले, म्हणून वहिनींनी हट्टानं डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. सोबत धाकटे होतेच.

काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावा अर्धा. "हा आजार दुखत नाही की खुपत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नजर कडेकडेनं जाते आणि ज्याची जाते त्यालाच पत्ता नसतो. तीन-चार वर्षांपूर्वी आला असतात, तर नुसत्या थेंबांवर निभावलं असतं. कामात कधी चुका नाही झाल्या?"

"चुका?" थोरले चक्क हसले. "बाई, चाळीस वर्षांत माझ्या कात्रीनं एक कापड वाया घालवलेलं नाही. विचारा याला."

सगळे धाकट्यांकडे बघायला लागले.

"हो," धाकटे म्हणाले. "झकास बेततो."

तो शब्द सवयीनं, आपसूक निघून गेला. घरी आल्यावर ते न्हाणीघरात शिरले, नळ मोठा सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबून रडले. तेही कुणाला कळणार नाही अशा बेतानं.

थोरल्यांना घरी बसवेना. दुकानात येऊन ते उसवायचं काम करू लागले, ते बोटांनी जमतं. धाकटे आधी बेतून ठेवलेलंच शिवत होते. एक दिवस वहिनींनी त्यांचाच तीन वर्षांपूर्वीचा कोट अस्तर बदलायला पाठवला. अस्तर निघालं. बोटं उजव्या खांद्यावर थांबली, मागे आली, पुन्हा तिथेच गेली.

"ही पट्टी कसली रे?"

धाकट्यांचं मशीन थांबलं.

"याचं कापड मीच बेतलं होतं. जोड का लागला?"

"कमी पडलं होतं, दादा. उजवीकडे."

"हे एकदाच?"

"नाही. चार वर्षं."

थोरल्यांनी कोट मांडीवर सरळ केला. बराच वेळ ते तो सरळच करत राहिले. "डॉक्टरीणबाईंसमोर तरी बोलायचंस."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटेल म्हणून, की तुला सांगवत नव्हतं म्हणून?"

"मला सांगवत नव्हतं," धाकटे म्हणाले. इतक्या वर्षांत दादाला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट, आणि आता तिचा कुणालाच काडीचा उपयोग नव्हता.

पंधरा दिवस थोरले अवाक्षर बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांनी आपली कात्री धाकट्यांच्या पुढ्यात ठेवली. "आजपासून तू बेत."

धाकट्यांनी जन्मात पहिल्यांदा कोट बेतला. तुकडे दादाच्या मांडीवर ठेवले आणि जीव मुठीत धरून विचारलं, "कसं आहे?"

थोरल्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले, कडांवरून अंगठा फिरवला.

"डावी बाजू चुकलीय," ते म्हणाले. "परत काप."

शेजारचा नळ चालू राहिलाय असं सांगावं, इतक्या साध्या आवाजात. धाकट्यांनी टेप लावली. खरंच चुकली होती. आणि ऐकून त्यांना काही झालंही नव्हतं, उलट छातीवरचं काहीतरी हललं. इतकं सोपं होतं हे. चार वर्षांपूर्वी हेच तीन शब्द म्हणायचे होते, फक्त डावीच्या जागी उजवी. त्यांनी डोळे पुसले, खडू उचलला आणि नवीन कापड पसरलं.