शेवटी उघडलेलं पहिलं

पेडणेकर सर एकोणीस वर्षांपूर्वी रागाच्या भरात चिपळूणला निघून गेले, पण त्यांचा उजवा हात आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या नळावर अजून आहे. जाताना त्यांनी नळ बंद केला नाही. आमच्याकडे ज्याने उघडलं त्यानेच बंद करायचं असतं. दुसऱ्या कुणाच्या हातून ते होत नाही. आम्ही पाना लावून पाहिला आहे. त्यामुळे नळ वाहतो, हात तिथेच असतो आणि प्रयोगशाळेत घोट्यापर्यंत पाणी असतं. हात सोडून बाकीचे सर चिपळूणला डाव्या हाताने जेवतात, असं ऐकलं.

असे बरेच जण गेले. आमच्या बावीसच्या बावीस खुर्च्या त्यांनी धरून ठेवल्या आहेत. बसायला गेलं की कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं आणि आपण ‘सॉरी’ म्हणून उठतो. उरलेले तिघे, म्हणजे मी, माझी सहकारी सुलभा कीर आणि भांडारपाल तोडणकर, स्टुलांवर बसतो.

माझा शेवटचा दिवस मंगळवार होता. विवाह नोंदणी कार्यालय साडेपाचला बंद होणार होतं आणि आमच्या नोटिशीची मुदतही त्याच दिवशी संपत होती. एकोणपन्नासाव्या वर्षी लग्नाला उभ्या राहिलेल्या बाईला पुन्हा नोटीस देण्याचा धीर होईलच, असं नाही. सही करायला मला उजवा हात हवा होता. म्हणून मी सकाळी अकरालाच बंद करायला सुरुवात केली. विभागप्रमुखाचं पद कित्येक वर्षं रिकामं होतं आणि प्रभार माझ्याकडे होता. तो बारा वाजता सुलभाला दिला. तिने कागद न वाचता घेतला.

तोडणकर नोंदवही घेऊन माझ्या मागे फिरत होते. त्या वहीत प्रत्येकाने काय उघडलं आणि काय बंद केलं, ते आपोआप उमटतं.

“उलट्या क्रमाने हां, बाई. शेवटी उघडलेलं पहिलं बंद करायचं. मधलंच काढायला जाल तर राणेबाईंसारखं व्हायचं.”

राणेबाईंनी आधी कपाट बंद केलं आणि त्यातली बाटली नंतर बंद करायला गेल्या. त्या साडेतीनच्या बसने सुखरूप घरी पोहोचल्या. कोपर कपाटात आहे.

मी डबा बंद केला, खिडकी बंद केली, नमुन्याच्या बाटल्यांना बुचं लावली. शुक्रवारी फोन वाजल्यामुळे अर्धवट राहिलेली एक जांभई होती, ती पूर्ण करायला चार मिनिटं लागली. मार्चपासून गुणगुणत असलेलं एक गाणं होतं. ते समेवर आणून सोडलं. माझी एकेक गोष्ट मिटली की माझ्यापुरती जागा खोली परत घेत होती. भिंती बोटाबोटाने आत येत होत्या. तीनच्या सुमाराला माझं टेबल पाटाएवढं झालं. तोडणकर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे.

मग ते वाक्य आलं.

सहा वर्षांपूर्वी मी सुलभाला म्हणाले होते, “सुलभा, तुला एक सांगायचंय.” तेवढ्यात कुणीतरी नमुने घेऊन आलं आणि वाक्य तसंच राहिलं. आमच्या दोन टेबलांच्या मधे, कानाच्या उंचीवर. आपल्या जागेवर जायला सुलभा रोज त्याच्याखालून वाकून जात असे. तिला पाठीचा पट्टा लागला होता.

“हे पुढच्या आठवड्यात पत्राने कळवलं तर?” मी विचारलं.

“पत्र बोटांनी लिहाल. वाक्य तोंडाने उघडलंय,” तोडणकर म्हणाले.

मी सुलभासमोर उभी राहिले. “नमुने कोरडे ठेवायचा तो मोठा काचेचा डेसिकेटर मी फोडला होता. झाकण माझ्या हातून निसटलं. जिल्ह्याच्या साहेबांनी तुला विचारलं तेव्हा मी गप्प बसले. तुझी बढती त्यावरून अडली.”

वाक्य पाण्यात पडलं आणि बुडालं.

“ठाऊक होतं,” सुलभा म्हणाली. “झाकणाचं ग्रीस तुझ्या कोपरापर्यंत लागलं होतं.”

“मग सहा वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलणं तू उघडलं होतंस. मी कसं बंद करणार?”

मग ती सरळ उभी राहिली. माझ्यापेक्षा चार इंच उंच निघाली. मला हे माहीत नव्हतं. बहुधा तिलाही नव्हतं. तिने पंख्याकडे जवळून बघितलं.

सव्वाचारला दारात वामन खाडिलकर आले. हे माझे होणारे यजमान. कारवारला भूगोल शिकवून निवृत्त झालेले, विधुर, अतिशय रीतसर गृहस्थ. पिशवीत दोन हार होते.

“अहो, झालं का?”

“आलेच. एकच राहिलंय.”

“सावकाश. हार तेवढे मान टाकतायत.”

तोडणकरांनी बोटाला थुंकी लावून वहीतलं माझं पहिलं पान काढलं. “एक जुलै, चोवीस वर्षांपूर्वी. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. ‘सर, आत येऊ का?’ बंद झाल्याचा रकाना कोरा.”

मला आठवलं. कामाचा पहिला दिवस. तेव्हाचे विभागप्रमुख पेडणेकर सर, त्यांचं टायट्रेशन चाललं होतं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत ते रंग बदलायची वाट पाहत होते. त्यांनी मान न वळवता डाव्या हाताचं एक बोट वर केलं. थांबा, असं. मग विसरले. पाच मिनिटांनी मी आपली आत येऊन उभी राहिले.

“म्हणजे चोवीस वर्षं मी परवानगीशिवाय आत आहे?”

“आत आहात कुठे?” तोडणकर म्हणाले. “तुम्ही अजून विचारताच आहात. जो आत आलाच नाही, तो बाहेर कसा जाणार?”

“आणि तशीच गेले तर?”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. नोंदणी अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या देखत बोलून कबूल करावं लागतं. मी चिपळूणला फोन लावला.

“सर, मी आठल्ये. तुम्ही मला आत या म्हणायचं राहिलंय.”

पलीकडे सर माझं आडनाव दोनदा पुटपुटले. मग सर म्हणाले, “मी आता त्या पदावर नाही. प्रभार ज्यांच्याकडे असेल त्यांना विचारा.” आणि जरा थांबून, “नळ चालूच आहे का हो?”

“हो सर.”

“हं,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रभार सुलभाकडे होता. तिने आता तो कागद उघडला आणि पहिल्यांदाच सावकाश वाचला. पाच वाजायला दहा मिनिटं होती. दोन्ही भिंती माझ्या खांद्यांना लागल्या होत्या. समोर फक्त सुलभा दिसत होती आणि तिच्या बाजूला दार.

“सुलभा, ये म्हण ना.”

“मला विचारलंस कुठे?”

मी विचारलं. “आत येऊ का?”

सुलभाने कागदाची घडी घातली. घडीवर नख फिरवलं. “सहा वर्षं मी वाकून चालले, दमयंती. पाच मिनिटं तू उभी राहा.”

मी उभी राहिले. उभं राहण्यापलीकडे जागाही नव्हती. तोडणकर वहीवर हात ठेवून छताकडे पाहत होते. दारात खाडिलकरांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं, मग भिंतींना पाहिलं. माणूस भला आहे. मला हात द्यावा असं त्यांच्या मनात आलं असणार. त्यांनी विजारीची कड वर घेतली, एक पाय उंबऱ्यावर उचलला आणि जन्माच्या सवयीने विचारलं,

“मी आत येऊ का?”

वहीत ते उमटलं. तोडणकरांनी डोळे मिटून घेतले. “आता आधी यांचं, मग तुमचं,” ते हळूच म्हणाले.

खाडिलकरांचा पाय हवेत होता. कोल्हापुरी नवी होती. पिशवीतून शेवंतीची एक पाकळी पाण्यावर पडली. सुलभाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंड उघडलं.